जर्मनीत एसयूव्हीमागे कॅरॅव्हान जोडायची तर: परवाना, नोंदणी आणि ताशी १००ची परवानगी

मध्यम आकाराची एसयूव्ही दारात उभी असली की कॅरॅव्हान (राहण्याची सोय असलेला ट्रेलर) ओढायला आणखी काय लागणार, असं वाटतं. पण घोडं अडतं ते वजनाच्या हिशोबात, कारण परवाना एक वजन बघतो आणि गाडीची मर्यादा दुसरं.

परवान्यासाठी कागदावरचं कमाल अनुज्ञेय वजन धरतात. नोंदणीपत्रात ते 'एफ.२' या रकान्यात असतं. कॅरॅव्हान रिकामी नेली तरी आकडा तोच. 'बी' म्हणजे साध्या कारच्या परवान्यावर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर केव्हाही चालतो. त्याहून जड असेल तर गाडी आणि ट्रेलर मिळून ३,५०० किलोच्या आत हवेत. बेरीज ४,२५० किलोपर्यंत गेली तर 'बी ९६', त्यापुढे 'बीई'. समजा एसयूव्ही २,४०० आणि कॅरॅव्हान १,६०० किलोची आहे. बेरीज ४,०००, म्हणजे 'बी ९६' लागणारच.

गाडी किती ओढू शकते हे मात्र तिच्या नोंदणीपत्रातल्या 'ओ.१' (ब्रेक असलेला ट्रेलर) आणि 'ओ.२' (बिनब्रेकचा) या रकान्यांत असतं. इथे ट्रेलरचं प्रत्यक्ष, सामानासकट वजन मोजतात. जाहिरातीतला आकडा विसरा, हा रकाना वाचा.

'बी ९६' मिळवणं तसं सोपं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किमान ७ तासांचं प्रशिक्षण असतं: अडीच तास थिअरी, साडेतीन तास सराव, एक तास रस्त्यावर. परीक्षा नाही. शाळेचं प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा पासपोर्ट, बायोमेट्रिक फोटो आणि सध्याचा परवाना घेऊन परवाना कार्यालयात अर्ज करायचा. परवान्यावर ९६ची नोंद झाल्यावरच जोडणी रस्त्यावर काढायची. नुसतं प्रमाणपत्र खिशात असून भागत नाही. 'बीई'ला प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते, लेखी नाही.

कॅरॅव्हानला स्वतःची नंबरप्लेट आणि स्वतःचा विमा लागतो. वाहन नोंदणी कार्यालयात तिच्या नोंदणीपत्राचे दोन्ही भाग, ओळखपत्र, विमा कंपनीने दिलेला ईव्हीबी (विम्याच्या इलेक्ट्रॉनिक पुष्टीचा) क्रमांक, तांत्रिक तपासणीचा वैध अहवाल आणि वाहनकर बँक खात्यातून कापण्याचं संमतिपत्र द्यायचं.

आता वेग. ट्रेलर मागे असला की ऑटोबानवरही (जर्मन महामार्गावरही) मर्यादा ताशी ८० किमी. १००ची परवानगी हवी असेल तर कॅरॅव्हानला ब्रेक आणि हायड्रॉलिक शॉक अॅब्सॉर्बर, ओढणाऱ्या गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रेलरला किमान १२० वेगासाठीचे टायर लागतात. कॅरॅव्हानचं अनुज्ञेय वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ०.८ पटीच्या आत हवं. स्टॅबिलायझरची (ट्रेलरचं डोलणं रोखणारी) कपलिंग असेल तर १ पट चालतं. वरच्या एसयूव्हीचं रिकामं वजन १,८०० धरलं तर ०.८ने १,४४०च येतात. म्हणजे १,६००च्या कॅरॅव्हानला स्टॅबिलायझर घ्यावाच लागेल. उत्पादकाचं पत्र किंवा तपासणी तज्ज्ञाचा अहवाल नोंदणी कार्यालयात दिला की नोंद होते आणि ट्रेलरच्या मागे लावायचं शिक्क्याचं १००चं स्टिकर मिळतं. गाडी बदलली तर हे गणित पुन्हा करायची जबाबदारी चालकाची. जर्मनीबाहेर हे स्टिकर चालत नाही. आणि टायरच्या कडेवरचे चार अंक वाचत जा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: टायर सहा वर्षांचे झाले की स्टिकर असलं तरी पुन्हा ८०.