रूटचा पासवर्ड आणि घरचं लिनक्स : पार्श्वभूमी

लिनक्सला व्हायरस लागत नाही, हा समज जानेवारी 2001 मध्येच मोडायला हवा होता. त्या महिन्यात रामेन नावाचा वर्म (एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्राम) रेड हॅट 6.2 आणि 7.0 च्या मशीनांमध्ये घुसला. तेव्हा डिस्ट्रो, म्हणजे रेड हॅटसारखी लिनक्सची तयार आवृत्ती, बसवली की एफटीपी आणि एनएफएस (नेटवर्कवरून फायली देणं-घेणं), प्रिंटिंग अशा सर्व्हिसेस न मागताही चालू व्हायच्या. रामेन शिरला तो त्यांच्यातल्या चुकांमधून, आणि त्या चुकांची दुरुस्ती आधीच उपलब्ध होती. पुढे डिस्ट्रोंनी अशा सर्व्हिसेस मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. घरच्या मशीनला याइतका उपयोगी दुसरा बदल झाला नसावा. उबुंटू या डिस्ट्रोत 8.04 आवृत्तीपासून यूएफडब्ल्यू फायरवॉल (नको ती नेटवर्क जोडणी अडवणारी) मिळते, पण ती आपल्याला चालू करावी लागते.

सगळ्यात जास्त वाद मात्र झाला तो सुडोवरून. रूट म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेलं खातं, आणि सुडो म्हणजे एखादं काम तेवढ्यापुरतं रूटच्या अधिकाराने करू देणारा प्रोग्राम. ऑक्टोबर 2004 मध्ये उबुंटू 4.10 आलं, त्यात रूट खात्याला पासवर्डच नव्हता, म्हणजे रूट म्हणून थेट लॉगिनच करता येत नव्हतं. पहिल्या वापरकर्त्याने स्वतःचाच पासवर्ड देऊन सुडोने कामं करायची. जुनी मंडळी भडकली: आधी दोन पासवर्ड लागायचे, आता एक फुटला की सगळं गेलं. समर्थकांचं म्हणणं, लोक दिवसभर रूट म्हणूनच लॉगिन करून बसायचे, ते तरी थांबलं.

समर्थकांचा मुद्दा खरा होता, पण दोन्ही बाजूंचं लक्ष चुकीच्या जागी होतं. घरच्या मशीनवर फोटो, ब्राउझरमधले पासवर्ड, एसएसएचच्या (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करण्याच्या) किल्ल्या हे सगळं साध्या खात्यातच असतं. ते चोरायला रूट लागतच नाही. आणि रूट हवाच असेल, तर त्या खात्यात शिरलेला प्रोग्राम टर्मिनल उघडताच चालणाऱ्या बॅशआरसी फाइलमध्ये एक ओळ घालून खोटा सुडो उभा करतो आणि तुम्ही पासवर्ड टाइप करण्याची वाट पाहतो. रूटचा पासवर्ड वेगळा ठेवून एसयू (तो पासवर्ड देऊन रूट होण्याची कमांड) वापरलं, तरी हीच युक्ती चालते. म्हणजे जुनी पद्धत वाटते तितकी भक्कम नव्हतीच.

त्याहून मोठं भोक होतं एक्स11 मध्ये, म्हणजे पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेत. 1987 च्या या रचनेत कुठलाही प्रोग्राम दुसऱ्या विंडोत दाबलेल्या कळा वाचू शकतो. एक्स11 च्या जागी आलेल्या वेलँडने ते भोक बुजवलं: फेडोरा 25 ने वेलँड 2016 मध्ये डीफॉल्ट केलं, उबुंटूने 17.10 मध्ये घेतलं, 18.04 मध्ये सोडलं आणि 21.04 मध्ये पुन्हा आणलं.

खुद्द सुडोमध्ये 2011 पासून दडलेली एक चूक जानेवारी 2021 मध्ये उघड झाली. मशीनवरचं कुठलंही साधं खातं त्यातून रूट होऊ शकत होतं. उबुंटू 25.10 मध्ये रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला सुडो आला. लॅपटॉप चोरीला गेला तर यातलं काहीच कामी येत नाही; तिथे लक्स या लिनक्समधल्या सोयीने डिस्क एन्क्रिप्ट केलेली (पासवर्डशिवाय वाचता न येणारी) हवी, आणि तो पर्याय इन्स्टॉल करतानाच निवडणं सोपं.

अलीकडची चिंता आहे सॉफ्टवेअर येतं कुठून याची. फेब्रुवारी 2016 मध्ये मिंट डिस्ट्रोच्या साइटवरून काही काळ बॅकडोर (गुपचूप शिरायची वाट) घातलेली आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरत होती. मार्च 2024 मध्ये फायली लहान करणाऱ्या एक्सझेड या प्रोग्रामच्या 5.6.0 आणि 5.6.1 आवृत्त्यांत बॅकडोर सापडला. तो टेस्टिंग आणि रोलिंग (सतत नवे अपडेट घेणाऱ्या) डिस्ट्रोंपर्यंत पोचला होता, पण सावकाश अपडेट घेणाऱ्या स्टेबल आवृत्त्या वाचल्या. जुलै 2025 मध्ये आर्च डिस्ट्रोच्या एयूआरमध्ये, म्हणजे वापरकर्त्यांनी चढवलेल्या पॅकेजेसच्या साठ्यात, ब्राउझरच्या नावाने मालवेअर असलेली पॅकेजेस चढवली गेली. एयूआरमधलं पॅकेज कुणीही चढवू शकतं, त्यामुळे बसवण्याआधी पीकेजीबिल्ड (पॅकेज कसं बनवायचं ते लिहिलेली) फाइल उघडून ती काय कुठून उतरवते आहे ते पाहावं लागतं.