लपवायला सोपं, चालवायला अवघड

वहिनीला स्लाइड मागे ओढता येईना.

ह्यूस्टनच्या वेशीवर, हमरस्त्याला लागून असलेलं बंदुकांचं दुकान. सराफाच्या पेढीसारखं लांबलचक काचेचं काउंटर, फक्त मखमलीऐवजी रबरी चटई आणि तिच्यावर ओळीने मांडलेली पिस्तुलं. वहिनी फार्मसिस्ट आहे, रात्री दहाला दुकान बंद करून एकटीच गाडीपर्यंत चालत जाते. तिला ‘पर्समध्ये मावेल असं एवढंसं’ पिस्तूल हवं होतं. विक्रेत्याने रिकामं असल्याची खात्री करून तळहाताएवढं, नऊ मिलिमीटर जाडीच्या गोळीचं पिस्तूल तिच्या हाती दिलं. तिने अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत वरचा पोलादी भाग, म्हणजे स्लाइड, धरून ओढली. अर्धं बोट मागे आली आणि अडली. मग विक्रेत्याने पोलिसांकडे असतं तसं थोराड पिस्तूल पुढे केलं. त्याची स्लाइड एका दमात मागे.

‘मोठं सोपं आणि एवढंसं अवघड? उलटं नको का?’ वहिनीने मराठीतच विचारलं. विक्रेता नुसता हसला. आतेभाऊ सिव्हिल इंजिनिअर, त्याने माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यभर अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलेलं, तेव्हा उत्तर देणं आलं. बंदुकांचं मला प्रेम नाही, पण हा प्रश्न फार सुंदर होता.

गोळी पुढे सुटते तेव्हा स्लाइड मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते, आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना मॅगझिनमधलं, म्हणजे मुठीतल्या गोळ्यांच्या कप्प्यातलं, नवं काडतूस नळीत ढकलते. नऊ मिलिमीटरचं अख्खं काडतूस जेमतेम ३० मिलिमीटर लांब. ऑस्ट्रियाच्या जॉर्ज लुगर यांनी जर्मनीत १९०२च्या सुमारास ते घडवलं आणि आजही तेच चालतं. म्हणजे स्लाइडला ३० मिलिमीटरहून जास्त मागे जावंच लागणार, मग पिस्तूल केवढंही असो. पिस्तूल लहान झालं म्हणून काडतूस लहान होत नाही. लहान पिस्तुलाची स्लाइड आखूड, म्हणून हलकी. तेवढाच धक्का हलक्या वस्तूला बसला की ती जास्त वेगाने पळते. तिला तेवढ्याशा जागेत थोपवायचं तर स्प्रिंग ताठ हवी, पुष्कळदा एकीत एक बसवलेल्या दोन. वहिनीची बोटं त्या स्प्रिंगशी झुंजत होती.

खरं तर हे याहून वाईट असू शकलं असतं. नळी आणि स्लाइड सुरुवातीचे काही मिलिमीटर एकमेकींत अडकून एकत्र मागे सरकतात, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं, पकड सुटते आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. तोवर नळीतला दाब उतरलेला असतो. नऊ मिलिमीटरच्या काडतुसात हा दाब वातावरणाच्या जवळजवळ २,४०० पट चढतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन पट असतो, त्यावरून अंदाज करा. ही युक्ती युटामधल्या ऑग्डेन गावच्या जॉन ब्राउनिंग या कारागिराची. आज बाजारातली बहुतेक नऊ मिलिमीटर पिस्तुलं याच युक्तीच्या कुठल्या ना कुठल्या रूपावर चालतात. ज्या जुन्या पिस्तुलांत ती नाही, उदाहरणार्थ १९३१ सालचं जर्मन वॉल्थर पीपीके, त्यांत नुसतं स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग यांच्यावर सगळी भिस्त. म्हणून काडतूस कमी ताकदीचं असूनही ते हाताला चांगलंच झोंबतं.

आता धक्क्याचा हिशेब. वहीच्या पाठकोऱ्या पानावर मावतो. गोळी ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३५० मीटर. गुणाकार २.८. मागून सुसाटणाऱ्या वायूचा वाटा धरला तर सुमारे ३.३ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद एवढा संवेग. न्यूटनच्या हिशेबाने तेवढाच संवेग पिस्तुलाला उलट दिशेने मिळतो. भरलेलं पिस्तूल ९०० ग्रॅमचं असेल तर ते सेकंदाला साधारण पावणेचार मीटर वेगाने मागे येईल, ऊर्जा ६ ज्यूल. तेच ६०० ग्रॅमचं असेल तर वेग साडेपाच मीटर आणि ऊर्जा ९ ज्यूल. आखूड नळीत गोळीला थोडा कमी वेग मिळतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा खाली येईल. तरीही ३०० ग्रॅम वाचवायचे तर धक्क्याची ऊर्जा जवळजवळ दीडपट सोसायची. आणि ती सोसायची कुठे, तर बारक्या मुठीवर, जिथे करंगळीला जागाच नसते. शिवाय नळी मुठीच्या वर असते, त्यामुळे पिस्तूल नुसतं मागे येत नाही, तोंड वर करून उसळतं.

दुकानामागेच गोळीबाराचा बंदिस्त पट्टा होता. डोळ्यांवर चष्मा, कानात बोंडं आणि त्यावर कर्णकवच. हे नखरे नव्हेत. पिस्तुलाचा आवाज १५५-१६० डेसिबलच्या घरात जातो आणि १४०च्या पुढचा एकच बार कान कायमचा बिघडवायला पुरतो. वहिनीने आधी छोटं पिस्तूल घेतलं. पहिली गोळी सुटली, पिस्तूल कपाळाच्या दिशेने उसळलं. दुसऱ्या वेळी चाप ओढला तर नुसतं टिक. स्लाइड अर्ध्यावर तिरकी अडकलेली, नवं काडतूस तोंड वर करून बसलेलं.

प्रशिक्षक म्हणाला, मनगट सैल पडलं. मला हे कारण पटायला मिनिटभर लागलं. स्लाइड मागे जाते म्हणजे कशाच्या तुलनेत मागे? खालच्या सांगाड्याच्या. सांगाडा हाताने घट्ट धरला असेल तरच स्लाइड त्याच्यावरून पुरती सरकेल. मनगट ढिलं असलं की सांगाडाही तिच्याबरोबर मागे पळतो आणि स्प्रिंग पुरेशी दबतच नाही. जड पिस्तुलाचा सांगाडा स्वतःच्या वजनाने थोडं सांभाळून घेतो. हलकं पिस्तूल सगळा भार माणसावर टाकतं.

नेमाचंही तेच. नेम धरताना मागची खाच आणि नळीच्या टोकावरची खूण एका रेषेत आणायची असते. छोट्या पिस्तुलात या दोहोंत समजा १३० मिलिमीटर अंतर आहे, मोठ्यात १६५. हात एक मिलिमीटर चुकला तर सात मीटरवर पहिल्याची गोळी सुमारे ५४ मिलिमीटर बाजूला जाते, दुसऱ्याची ४२. त्यात चाप ओढायला साधारण अडीच किलोचा जोर. म्हणजे सहाशे ग्रॅमची वस्तू स्थिर धरून तिच्यावर तिच्या वजनाच्या चौपट ताकद एका बोटाने लावायची, आणि ती हलू द्यायची नाही. करून बघा, हातात भरलेला पेला घेऊन.

वहिनीच्या कागदावरची भोकं पाहून आतेभाऊ म्हणाला, ‘आकाशगंगा.’

तरीही लोकांना लहानच पिस्तूल हवं असतं, आणि ही हौस जुनी आहे. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर यांची एकबारी खिशातली पिस्तुलं एकोणिसाव्या शतकात एवढी खपली की त्यांचं आडनाव त्या जातीच्या हत्याराचंच नाव झालं. १४ एप्रिल १८६५च्या रात्री फोर्ड नाट्यगृहात राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यावर मारेकरी बूथने झाडलेलं पिस्तूल डेरिंजर यांचंच. १९५०मध्ये पाच गोळ्यांचं छोटं चीफ्स स्पेशल रिव्हॉल्व्हर आलं. पण आजच्या छोट्या पिस्तुलांना खरा जोर दिला तो एका बंदीने. १९९४च्या केंद्रीय कायद्याने दहाहून जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनची सामान्य लोकांना विक्री थांबवली. कंपन्यांनी विचार केला, दहाच गोळ्या बसवायच्या तर पिस्तूल एवढं मोठं कशाला? ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीचं आखूड मुठीचं मॉडेल २६ तेव्हाचंच. कायदा २००४मध्ये संपला, लहानपणाची चटक राहिली. २०१८मध्ये सिग सॉअर कंपनीने पी३६५ आणलं: रिकामं वजन जेमतेम ५०० ग्रॅम, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. मॅगझिनमध्ये गोळ्या दोन रांगांत भरल्या, पण रांगा इतक्या दाटीने बसवल्या की मूठ रुंद झालीच नाही. बाकीच्या कंपन्यांना मग त्याच वाटेने जावं लागलं.

गोळी किती ‘मोठी’ हवी यावर अमेरिकेत चहाच्या टपरीवरच्या क्रिकेटसारखे वाद होतात. त्यांची मुळं ११ एप्रिल १९८६च्या मायामीतल्या चकमकीत आहेत. एफबीआयचे दोन एजंट त्यात मारले गेले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली गोळी हृदयापर्यंत पोचण्याआधी थांबली आणि तो लढत राहिला. त्यानंतर एफबीआयने चाचणीची रीत घालून दिली: मांसाऐवजी १० टक्के जिलेटिनचा थंड ठोकळा, आणि गोळी त्यात १२ ते १८ इंच, म्हणजे ३० ते ४६ सेंटिमीटर जायला हवी. कमी गेली तर निरुपयोगी, जास्त गेली तर मागच्या निरपराधाला लागायची. मोठ्या काडतुसांचा फेरा घालून एफबीआय गेल्या दशकात पुन्हा नऊ मिलिमीटरवर आली, कारण गोळ्यांची बांधणी सुधारली होती. टोकाला पोकळी असलेली गोळी आत शिरल्यावर फुलासारखी उमलते आणि वेग गमावते. या फुलणाऱ्या गोळ्यांचं एक जुनं नाव आपल्याकडचं आहे. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात इंग्रजांनी तशा गोळ्या केल्या आणि १८९९च्या हेग जाहीरनाम्याने त्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. पोलिसांवर आणि नागरिकांवर ती बंदी नाही. पण गोळी उमलायला वेग लागतो, आणि आखूड नळी नेमका वेगच खाते. फिरून पुन्हा तेच.

पर्सच्या कल्पनेवर मात्र प्रशिक्षकाने सरळ फुली मारली. पिस्तूल अंगावर हवं, तेही चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक म्यानात. पर्समध्ये किल्ली, पेन, लिपस्टिक काहीही चापात अडकू शकतं. आणि पर्स खांद्यावरून खाली ठेवली जाते. डिसेंबर २०१४मध्ये आयडाहो राज्यातल्या एका मोठ्या दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल हाताळलं. गोळी सुटली आणि आई जागीच गेली. वहिनीने हे ऐकलं आणि पर्स काउंटरवरून उचलून काखेत धरली.

आमच्या पिढीतले कित्येक मराठी इंजिनिअर टेक्सासात एच-वन-बी व्हिसावर आहेत. त्यांना शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे, राज्य कितीही सैल असो. वहिनीकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून ती त्या दुकानात उभी राहू शकली. टेक्सासात सप्टेंबर २०२१पासून, कायद्याने बंदूक बाळगायची मुभा असलेल्या २१ वर्षांवरील माणसाला लपवून पिस्तूल नेण्यासाठी परवान्याचीही गरज नाही. दारावर विनापरवाना नेणाऱ्यांना मज्जाव करणारी ‘३०.०५’ कलमाची पाटी असेल तिथे मात्र न्यायचं नाही. भारतात १९५९चा शस्त्र कायदा आहे आणि नऊ मिलिमीटर सामान्य माणसाला वर्ज्य. २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं अर्ध्या किलोचं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर काढलं होतं. हलकं म्हणून बायकांचं, हा समज तिथेही होताच.

दुकानात न बोलली जाणारी एक गोष्ट मी परतीच्या वाटेवर गाडीत बोललो. २०२१मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यांतली २६,३२८ स्वतःच्या हाताने. कॅलिफोर्नियातल्या दोन कोटी साठ लाख लोकांचा बारा वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल असलेल्या पुरुषांचा स्वतःवर गोळी झाडून मृत्यू होण्याचं प्रमाण नसलेल्यांच्या आठपट होतं, बायकांत पस्तीसपट. पार्किंगमधला चोर रोज भेटत नाही, घरातला वाईट दिवस कधीतरी प्रत्येकाला भेटतो. आतेभाऊ गप्प राहिला. वहिनी म्हणाली, ‘म्हणजे तिजोरी आधी.’

तिने शेवटी मधलं पिस्तूल घेतलं, भरल्यावर पाऊण किलोच्या वर जाणारं. त्याच्या आधी आकड्यांच्या कुलपाची छोटी लोखंडी पेटी. जाड पट्टा घ्यावा लागला, कारण साध्या पट्ट्यावर जीन्स एका बाजूला लोंबायची, आणि वरचा कुर्ता एक माप मोठा.

महिन्याभराने तिचा फोन आला. प्रशिक्षकाने स्लाइडचं गुपित सांगितलं होतं. चिमटीने ओढायचं नाही, डाव्या हाताचा पंजा वरून पालथा ठेवून स्लाइड गच्च धरायची, कोपर अंगाजवळ घ्यायचं, आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. म्हणजे बोटांचं काम खांद्याकडे जातं. दुकानात न हललेलं ते छोटं पिस्तूल तिने मुद्दाम मागून घेतलं आणि खटकन मागे केलं. ‘मग बदलून घेतलंस का?’ मी विचारलं.

‘छे,’ ती म्हणाली. ‘ओढता येतं, पण नेम कुठे लागतो त्याने!’