‘संप मिटेपर्यंत’: गिरणगावातील काटकसरीची पार्श्वभूमी

मिळकत घटली की खर्च घटतो, यात उलगडून सांगण्यासारखे फारसे काही नाही. कोडे पडते ते पुढच्या टप्प्यावर. मुलगा नोकरीला लागतो, वाण्याची उधारी फिटते, दागिने गहाणातून सुटतात, आणि तरीही त्या घरात भाजी बाजार उठतानाच घेतली जाते, रिक्षाऐवजी पायीच जाणे होते आणि जुन्या साडीची गोधडी शिवली जाते. परिस्थितीने लादलेली काटकसर परिस्थिती पालटल्यावरही का टिकते, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर मुंबईच्या गिरणगावाएवढे मोठे आणि इतके जवळचे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. लालबाग, परळ, वरळी, नायगाव, शिवडी या पट्ट्यातील काही लाख कुटुंबांची मिळकत एकाच काळात, एकाच कारणाने, म्हणजे १९८२ च्या कापड गिरण्यांतील संपाने, थांबली. त्यामुळे एरवी घराघरांत विखुरलेली ही प्रक्रिया तेथे एकत्रितपणे दिसते.

गिरणी कामगाराला संपापूर्वी काटकसर ठाऊक नव्हती, असे अर्थातच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागातून आलेला कामगार दोन चुली चालवीत असे, एक चाळीतली किंवा खानावळीतली आणि दुसरी गावची. मनिऑर्डर गेल्यावर जे उरेल त्यात मुंबईचा महिना काढायचा, हा तेव्हाचा हिशेब होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, शहरात रेशनिंग आले, १९४८ साली नायगावात कामगारांचे सहकारी ग्राहक भांडार उघडले, १९७२ च्या दुष्काळात लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या गेल्या आणि त्याच वर्षी महागाईविरोधात लाटणी घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या. या सगळ्या काळात एक गोष्ट मात्र ठरलेली होती. पगाराची तारीख चुकत नव्हती. काटकसरीला हेतू होता, मग तो गावचे घर शाकारण्याचा असो, बहिणीच्या लग्नाचा असो की सावकाराकडून जमीन सोडवण्याचा, आणि तो पुरा झाला की हात थोडा सैल सोडता येत असे.

संपांचा पूर्वानुभवही याच प्रकारचा होता. १९२८ चा संप सुमारे सहा महिने चालला, पण कामगार कामावर परतले. १९७४ चा संप ४२ दिवसांत संपला. म्हणून १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे ६० गिरण्यांतील अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा बहुतेक घरांनी बेत केला तो महिना-दोन महिन्यांचा. बायका-मुलांना गावी पाठवायचे, भिशीचा हप्ता थांबवायचा, नवे कपडे दिवाळीला बघायचे. ‘संप मिटेपर्यंत’ हा शब्दप्रयोग त्या वर्षी गिरणगावात प्रत्येक पुढे ढकललेल्या खर्चाला जोडला गेला. मनिऑर्डरचा प्रवाह तर उलटाच फिरला. मुंबईहून गावाकडे पैसा जायचा, तो थांबला आणि गावाकडून तांदूळ, नाचणी, कुळीथ, सुकी मासळी यांची पोती-बोचकी एसटीने मुंबईकडे येऊ लागली. ज्यांच्या मागे शेती होती ते तग धरू शकले. ज्यांच्या मागे काहीच नव्हते, त्यांची कोंडी पहिल्या काही महिन्यांतच सुरू झाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावी लागते, कारण नंतरच्या काळात या कुटुंबांच्या साधेपणाचे जे कौतुक झाले त्यात ती बहुधा गळते. संपाच्या पहिल्या दीड-दोन वर्षांत घडले त्याला काटकसर म्हणणे कठीण आहे. पगारदार घर वाण्याच्या वहीवर महिन्याचा किराणा भरत असे आणि पगार झाला की हिशेब चुकता करीत असे. वही बंद झाल्यावर तेच घर पाव किलो तांदूळ, एका वेळेपुरते तेल आणि पुडीतली चहापूड अशी रोजची खरेदी करू लागले, आणि सुट्या मालाचा दर नेहमीच चढा असतो. स्टोव्हला लागणारे रॉकेल रेशनवर स्वस्त मिळे, पण ते मिळेल त्या दिवशी हातात रोकड हवी. नाहीतर तेच काळ्या बाजारात दुप्पट पैसे मोजून घ्यावे लागे. थोडक्यात, काटकसर करायलाही गाठीला काही असावे लागते. ते नसलेल्या घराला स्वस्त पर्याय निवडण्याचीच सोय राहत नाही. गिरणगाव तरीही वसलेले राहिले, याचे एक कारण अगदी कोरडे आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे जुन्या चाळींतील खोल्यांची भाडी गोठलेली होती, आणि खर्चातील सर्वांत मोठा आकडा ठरू शकणारी बाब नगण्य राहिली.

दरम्यान घराची मिळकत हळूहळू दुसऱ्या हातांत गेली. शिवणकाम, पापड, गजरे, खानावळीचे डबे, धुणीभांडी, भाजीची पाटी, अशा कामांतून बायकांनी आणि शाळा सोडलेल्या मुलांनी घर उभे ठेवले. मिळकत आली, पण तिला तारीख नव्हती. आज शंभर रुपये आले म्हणजे उद्या येतीलच असे नाही, आणि अशा मिळकतीवर खर्च बेतताना माणूस चांगल्या दिवसाच्या आकड्यावर बेतत नाही, वाईट दिवसाच्या आकड्यावर बेततो. माझ्या मते पुढे टिकलेल्या सवयीचे मूळ येथे आहे. ज्याला आपण आज काटकसरीची वृत्ती म्हणतो, ती सरासरीवर विसंबून जगण्यास दिलेला नकार होती.

त्यात हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, इतर काही गिरण्या कमी माणसांवर सुरू झाल्या, काहींची दारे उघडलीच नाहीत. कामगारांतील कोणी परतले, कोणाला परत घेतले गेले नाही, कोणी पाठ फिरवली. पण ‘आजपासून संप संपला’ असा दिवस उजाडला नाही. त्यामुळे ‘संप मिटेपर्यंत’ म्हणून पुढे ढकललेले खर्च कधी करायचे, हेही कोणी सांगितले नाही. तात्पुरत्या तजविजीची मुदतच नाहीशी झाली. जे परतले त्यांनाही जुना भरवसा परत मिळाला नाही. गिरणीत ‘बदली’, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला कामगार, आणि ‘कायम’ अशा दोन जाती असत, आणि कायम होण्यासाठी माणसे वर्षानुवर्षे गेटवर उभी राहत. ‘कायम’ कामगाराचे कामही जाऊ शकते, हे एकदा पाहिलेल्या घराने नंतर मुलाच्या नोकरीकडे, ती सरकारी असली तरी, त्याच संशयाने पाहिले.

यानंतरचा टप्पा ‘स्वेच्छानिवृत्ती’चा. हा शब्द नीट उकलला नाही तर पुढचे काहीच कळत नाही, म्हणून त्यावर जरा थांबू. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर, १९९२ साली, उद्योगांच्या फेररचनेत बाधित होणाऱ्या कामगारांसाठी केंद्राने एक निधी उभारला आणि त्यातून सार्वजनिक क्षेत्रातील गिरण्यांत स्वेच्छानिवृत्तीच्या योजनांना पैसा मिळाला. खासगी गिरण्यांत हीच पद्धत करारांद्वारे आली. कागदावर कामगार अर्ज करतो, व्यवस्थापन तो मंजूर करते, ठरलेली रक्कम मिळते आणि नोकरीचा संबंध संपतो. कामगारकपातीसाठी सरकारी परवानगी लागते, तशी ती येथे लागत नाही, कारण कायद्याच्या नजरेत कोणी कोणाला काढलेलेच नसते. ‘स्वेच्छा’ या शब्दाचे सगळे कायदेशीर काम एवढेच होते.

प्रत्यक्षात अर्ज कोणत्या परिस्थितीत भरले गेले? अनेक ठिकाणी यंत्रे बंद होती, पगार थकलेले होते, वीज तोडलेली होती आणि रक्कम आत्ता घ्या, नंतर मिळेल याची खात्री नाही, असे गेटवर सांगितले जात होते. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका भागातील एका उद्योगात वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे होता. त्यामुळे संपाच्या वेळी ज्या संघटनेला कामगारांनी उघडपणे नाकारले, तिच्याच सहीने पुढे अनेक करार झाले. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. पन्नाशी ओलांडलेल्या, छातीत कापसाचे तंतू भरलेल्या आणि गावी घर असलेल्या कामगारांत असेही होते, ज्यांना ती रक्कम खरोखरच हवी होती, आणि त्यांच्या निर्णयाला सक्ती म्हणणे हा त्यांचाही अपमान ठरेल. परंतु दोघांच्या अर्जावरचा शब्द एकच होता, आणि कोणाची इच्छा खरी व कोणाची नाइलाजाची, हे वेगळे करायला त्या कागदावर जागा नव्हती.

या शब्दाचा परिणाम निवृत्तीपुरता राहिला नाही. जो माणूस ‘स्वेच्छेने’ नोकरी सोडतो, त्याच्या पुढच्या तंगीची जबाबदारीही त्याच्याच माथी येते. पैसे मिळाले होते, उडवले, असा शेरा शेजारपाजारी आणि वर्तमानपत्री लेखांतही सहज मारला गेला. जी कुटुंबे तशी बोलणी ऐकून होती, त्यांनी खर्च लपवायला आणि बचत दाखवायला सुरुवात केली, आणि आम्हाला साधेच आवडते हे वाक्य अशा घरांत रुजले. ते खोटे होते असे मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षे बोललेले वाक्य आवड घडवतेही. पण काटकसरीला ‘निवड’ म्हणताना या ‘स्वेच्छे’ची सावली तिच्यावर आहे, हे विसरून चालत नाही. याउलट २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांतून सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा त्यांतील बहुतेकांच्या मागे निवृत्तिवेतन होते. त्यांनीही नंतर हात आखडता घेतला असेल. पण तो नियोजनाचा भाग होता, आणि दोन्ही घटनांना एकच नाव असल्यामुळे त्यांची तुलना उगाचच होत राहिली.

मिळालेली रक्कम कोठे गेली, याचे उत्तर घरोघर जवळपास सारखे आहे. आधी देणी, मग मुलीचे लग्न, मग गावच्या घराचा चिरा, आणि उरले ते पोस्टात किंवा बँकेत. या शेवटच्या घासाची कथा फारशी सांगितली जात नाही. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेचा व्याजदर १९९० च्या दशकात बराच काळ १३ टक्के होता, तो टप्प्याटप्प्याने उतरून मार्च २००३ पासून ८ टक्क्यांवर आला. म्हणजे एक लाख रुपयांवर जिथे महिन्याला १,०८० रुपयांच्या आसपास मिळत, तिथे नव्या ठेवीवर सुमारे ६७० रुपये मिळू लागले. नोकरी जाऊन दहा वर्षे झालेल्या, कोणतीही उधळपट्टी न केलेल्या माणसाची मिळकत ठेवीची मुदत संपताच एका दिवसात सदतीस-अडतीस टक्क्यांनी घसरली. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेली निवृत्तिवेतन योजना आली, पण संपात नोकरी गमावलेल्यांना तिचा उपयोग नव्हता, आणि जे तिच्यात बसले त्यांच्यासाठीही किमान निवृत्तिवेतन महिना हजार रुपये व्हायला सप्टेंबर २०१४ उजाडले. व्याजावर जगणाऱ्याने पुन्हा एकदा धडा घेतला की बसून मिळणाऱ्या पैशालाही ‘कायम’ म्हणायचे नसते.

त्याच काळात आजूबाजूचे शहर मात्र उलट दिशेने चालले होते. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचे ठरले होते: एक बागा-मैदानांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाचा. २००१ च्या बदलाने ती वाटणी फक्त गिरणीतील बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेपुरती उरली, २००५ साली उच्च न्यायालयाने त्याविरुद्ध निकाल दिला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने बदल कायम ठेवला. कामगार वस्तीच्या दारात मॉल उभे राहिले. ज्या फाटकातून आपण हजेरीला जात होतो तेथेच एका कॉफीला अर्ध्या दिवसाची मजुरी पडते, हे पाहणाऱ्या माणसाने त्या खर्चाकडे पाठ फिरवली, तर त्यात काटकसरीइतकाच रागही असतो. हा राग हिशेबाच्या वहीत उतरत नाही, म्हणून काटकसरीच्या चर्चेतही येत नाही.

दुसऱ्या पिढीचे चित्र एकसारखे नाही. चाळीतील खोली पगडीने विकून डोंबिवली, नालासोपारा, विरार येथे गेलेल्या घरांत काही मुलांनी वडिलांचा हात आखडता स्वभाव जसाच्या तसा उचलला: कर्ज नको, क्रेडिट कार्ड नको, पगाराचा निम्मा भाग हात न लावता बाजूला. काहींनी नेमके उलटे केले. हप्त्यावर मोठा टीव्ही आणणाऱ्या मुलाचे आणि तो बंद करून वीज वाचवणाऱ्या वडिलांचे भांडण या घरांना नवे नाही. अलीकडे कमी वस्तूंत राहण्याची आवड शहरी, सुस्थित वर्गात वाढली आहे आणि तिला या वडिलांच्या जगण्याशी जोडण्याचा मोह काहींना होतो. बाह्य खुणा जुळतातही. फरक असा की टाकून दिलेली वस्तू पुन्हा विकत घेता येईल ही खात्री एका घरात आहे, आणि दुसऱ्या घरात ती नसल्यामुळेच माळ्यावर रिकामे डबे, सुतळी आणि बिघडलेला स्टोव्ह जपून ठेवलेला असतो.

२०१२ च्या जूनमध्ये गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली, ६,९२५ घरांची, आणि अर्जदार लाखाच्या वर होते. ज्यांचे नाव लागले त्यांना घराची किंमत भरायची होती, आणि ती भरू शकलेल्यांत वर्षानुवर्षे ठेव न मोडलेल्यांचाही समावेश होता. नंतर उंच इमारतीतील लिफ्ट, पाणी आणि देखभालीचा मासिक आकार सुरू झाला, जो चाळीच्या भाड्याच्या कित्येक पट होता. काही कुटुंबांनी जिन्यातले दिवे आणि लिफ्टच्या वेळा यांवरून सोसायटीच्या सभेत वाद घातले, काहींनी ते घर भाड्याने देऊन स्वतः विरारलाच राहणे पसंत केले.