मूलतत्त्ववादी ख्रिस्ती घरातील मुलींची जडणघडण

बायबलचा शब्द न् शब्द निर्दोष आणि अक्षरशः खरा मानणाऱ्या ख्रिस्ती पंथांत वाढलेल्या मुलींच्या मनावर, शरीरावर आणि व्यवहारावर दीर्घकाळ राहणारे परिणाम होतात. या प्रवाहाचे ‘फंडामेंटॅलिझम’ (मूलतत्त्ववाद) हे नाव अमेरिकेत १९१० ते १९१५ या काळात निघालेल्या ‘द फंडामेंटल्स’ या पुस्तिकांवरून आले.

सातारा-सांगलीतील जुने मिशन आणि हा प्रवाह यांची गल्लत करू नये. मिशनने इथल्या मुलींना शाळेत घातले; मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिरजेच्या रुग्णालयात परिचारिकांच्या पिढ्या घडल्या. १९७० साली स्थापन झालेले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तर स्त्रियांना पाळकपदाची दीक्षाही देते. कडक शिकवण आढळते ती बहुधा घरात किंवा भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या काही स्वतंत्र मंडळ्यांत, म्हणजे उपासनेसाठी जमणाऱ्या छोट्या ख्रिस्ती गटांत. तिथे पास्टरला (पाळकाला) जाब विचारणारे वर कोणी नसते.

शिकवणीचा पाया मोजक्या वचनांवर उभा आहे. पत्नीने पतीच्या अधीन राहावे (इफिसकरांस पत्र, अध्याय ५), स्त्रीने मुकाट्याने शिकावे (१ तीमथ्य, अध्याय २), सद्गुणी स्त्री कशी असावी (नीतिसूत्रे, अध्याय ३१). इफिसच्या त्याच अध्यायात ‘एकमेकांच्या अधीन असा’ असेही आहे, आणि नीतिसूत्रांतली ती स्त्री स्वतः पारखून शेत विकत घेते. मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणवर्गात (संडे स्कूल) हा भाग सहसा गाळला जातो.

नुकसान नियमांच्या संख्येने होत नाही; ते दोन गोष्टींनी होते. पहिली, पुरुषाच्या मनात विकार आला तर दोष मुलीच्या ओढणीचा. दुसरी, शंका किंवा राग आला तर ते बंडखोरीचे पाप, कारण ‘हृदय सर्वांत कपटी आहे’ (यिर्मया १७:९). दुसरी अधिक घातक. धोक्याची सूचना देणारी स्वतःची जाणीवच मुलीला खोटी वाटू लागते. लहानपणी त्यात प्रभूच्या पुनरागमनाची, म्हणजे येशू परत येऊन खऱ्या विश्वासणाऱ्यांना स्वर्गात नेईल या शिकवणीची, भीती मिसळते: शाळेतून आल्यावर घर रिकामे दिसले की सगळे वर घेतले गेले आणि आपणच मागे राहिलो, असे वाटून मूल थरथरते.

सातारा-सांगली भागात तिचे वेगळेपण लपत नाही. काही मंडळ्या कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, सोने सारेच वर्ज्य मानतात. मोकळ्या कपाळाच्या आणि मोकळ्या गळ्याच्या विवाहितेला गाव विधवा समजते. हळदीकुंकू, गणपतीची आरती, गॅदरिंगमधला नाच यांतून मुलगी बाद होते. भाऊ गणेश मंडळाच्या मिरवणुकीत उभा राहिला तर त्याकडे कानाडोळा होतो.

विवाह ‘विश्वासणाऱ्या’शीच, म्हणजे त्याच श्रद्धेच्या माणसाशी, व्हावा (२ करिंथ ६:१४), आणि तशी घरे तालुक्यात मोजकीच, म्हणून शिक्षण अर्धवट सोडवून आलेले स्थळ घाईने पत्करले जाते. वीस वर्षे शरीराची लाज शिकवून एका रात्रीत ती जात नाही. संबंधाच्या वेळी ओटीपोटाखालचे स्नायू आपोआप आवळले जाऊन तीव्र वेदना होतात. यावर स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी आणि समुपदेशन यांचा एकत्र उपयोग होतो. मंडळीत मात्र याला दुष्टात्म्याचे काम ठरवून उपास-प्रार्थना लावतात आणि लाज दुप्पट होते.

मारहाण किंवा लैंगिक अत्याचार ‘क्षमा कर’ म्हणून मंडळीतच मिटवले जातात. बाहेर बोलले तर आधीच संशयाने बघणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळेल, ही ख्रिस्ती समाजाची भीती खरी आहे. किंमत मात्र मुलीने मोजायची. लैंगिक अत्याचाराची पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा २०१२ च्या पोक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याखाली गुन्हा आहे, मग गप्प बसणारा पास्टर का असेना.

बाहेर पडणारीचा रविवार, नातलग, मैत्रिणी आणि स्थळे एकदम सुटतात. मानसतज्ज्ञ मार्लीन विनेल यांनी या अवस्थेला २०११ मध्ये ‘धार्मिक आघात लक्षणसमूह’ म्हटले. अधिकृत निदानसूचीत ते नाही, उपचार चिंता आणि आघात यांवरचेच. क्रम चुकला की बिघडते. आधी सुरक्षितता, झोप, स्वतःच्या नावाचे बँक खाते आणि कागदपत्रे. श्रद्धेचे काय करायचे ते नंतर, तिच्या गतीने. ‘धर्मच सोड’ म्हणणारा समुपदेशक पास्टरइतकाच निरुपयोगी, कारण तोही तिच्या वतीने निर्णय घेतो. अनेकजणी दुसऱ्या चर्चमध्ये रमतात. मानसिक मदतीसाठी १४४१६, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

कायद्याबाबत जुनी माहिती फिरत राहते. ख्रिश्चनांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पत्नीला व्यभिचारासोबत क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. २००१ च्या दुरुस्तीनंतर एकटी क्रूरताही पुरते, परस्परसंमतीची वाटही आहे. मृत्युपत्र न करता वडील गेले तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आईचा एकतृतीयांश वाटा जाऊन उरलेल्यात मुलगा आणि मुलगी यांना सारखाच हिस्सा मिळतो.