देहधारणाचा हेतू : ख्रिस्ती श्रद्धा

देवाचा पुत्र येशू मरियेच्या पोटी खराखुरा माणूस म्हणून जन्माला आला, या श्रद्धेला ख्रिस्ती लोक देहधारण म्हणतात. तो कशासाठी आला, याची चर्चने वेळोवेळी दिलेली उत्तरं म्हणजे देहधारणाचा हेतू. उत्तरं, एक उत्तर नाही. वसई, रेवदंडा, मालवण, वेंगुर्ला, कुठेही धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या पोराला विचारा, तो पटकन सांगेल "आपल्या पापांसाठी मरायला", आणि ते बरोबरच आहे पण अर्धं आहे, कारण नुसतं मरायलाच यायचं होतं तर आधीची तीसेक वर्षं नाझरेथसारख्या आडगावात सुतारकाम करत का काढली, हा प्रश्न उरतोच.

बायबलमध्येच हेतू एका ठिकाणी एका वाक्यात दिलेला नाहीये. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मार्कमध्ये येशू म्हणतो की मी सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला आणि पुष्कळांच्या मुक्तीसाठी जीव द्यायला आलोय, लूकमध्ये हरवलेलं शोधायला आलोय, योहानात लोकांना भरपूर जीवन मिळावं म्हणून आलोय आणि रोमन सुभेदार पिलातासमोर सत्याची साक्ष द्यायला आलोय. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात तर थेट आहे की मुलं रक्तमांसाची म्हणून तोही रक्तमांसाचा झाला, मरणावर सत्ता चालवणाऱ्या सैतानाला त्याच मरणातून हरवायला. पुढच्या सगळ्या चर्चा या ओळींवरच उभ्या आहेत.

325 च्या निकेया आणि 381 च्या कॉन्स्टँटिनोपल इथल्या बिशपांच्या परिषदांतून जो विश्वासांगीकार आला, म्हणजे दर रविवारी मिस्सेत, चर्चमधल्या मुख्य उपासनेत, आपण म्हणतो ते क्रीड, त्यात हेतू इतकाच आहे की तो आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी स्वर्गातून उतरला. तारण नक्की कसं झालं याचा तपशील नाही. कॅथलिक चर्चमध्ये मरियेपासून देह घेतल्याची ओळ आली की सगळे वाकतात, आणि वर्षातून दोनदा, नाताळला आणि 25 मार्चला (हा सण कुठला ते शेवटी येईल), तिथे वाकायचं नसतं तर गुडघे टेकायचे असतात. नाताळच्या मध्यरात्री वसईच्या एखाद्या भरलेल्या चर्चमध्ये हे बघावं, पाय ठेवायला जागा नसते, अंगावर नवेकोरे कपडे, कडेवर झोपलेली पोरं, आणि त्या ओळीला तशा गर्दीतही सगळे खाली जातात. बऱ्याच जणांना कारण सांगता येणार नाही, पण देहधारणाबद्दल चर्चला काय वाटतं हे त्या अर्ध्या मिनिटात कळतं.

नाझरेथच्या त्या वर्षांचं उत्तर सगळ्यात आधी नीट दिलं ते बिशप इरेनियसने, साधारण 180 च्या सुमारास. तो म्हणतो की ख्रिस्त माणसाच्या प्रत्येक वयातून गेला, तान्ह्यांसाठी तान्हा, मुलांसाठी मूल, तरुणांसाठी तरुण, म्हणजे प्रत्येक वय पवित्र व्हावं, आदामाने जी वाट बिघडवली ती ख्रिस्ताने पहिल्यापासून परत चालून सरळ केली. मग चौथ्या शतकात नाझियान्झसच्या बिशप ग्रेगरीने, ख्रिस्ताला माणसाचं मन नव्हतं म्हणणाऱ्यांच्या विरोधात लिहिताना, एक नियमच घालून दिला : जे धारण केलं नाही ते बरं झालं नाही. देह, मन, भूक, भीती, रडणं हे सगळं त्याने घेतलं म्हणून सगळ्याला औषध मिळालं. आणि अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनेशियसने तर म्हटलं की आपण देव व्हावं म्हणून तो माणूस झाला, जे ऐकून आजही लोक दचकतात, पण याचा अर्थ माणूस वेगळा देव बनतो असा नाही, देवाच्या स्वतःच्या जीवनात त्याला वाटा मिळतो असा आहे, पेत्राच्या दुसऱ्या पत्रातलाच विचार. मला हेच उत्तर सगळ्यांच्या मुळाशी वाटतं. पापक्षमा त्यात येते, क्रूस त्यात येतो, आणि सुतारकामही येतं.

हे काही फक्त ग्रीक पंडितांच्या पोथीतलं नाहीये. मिस्सेत द्राक्षारसाच्या प्याल्यात फादर पाण्याचा एक थेंब टाकतात, ते बहुतेकांनी पाहिलंय, पण त्यावेळची प्रार्थना हळू आवाजात असते म्हणून ऐकू येत नाही. ज्याने आमच्या मानवपणात सहभागी व्हायला स्वतःला नमवलं त्याच्या देवपणात आम्हाला सहभाग मिळो, असा तिचा अर्थ. म्हणजे अथनेशियसची शिकवण कोकणातल्या प्रत्येक कॅथलिक वेदीवर रोज म्हटली जातेय.

पश्चिमेकडे विचार वेगळ्या अंगाने गेला. कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने 1098 मध्ये पुरा केलेला ग्रंथच मुळी "देव माणूस का झाला" या प्रश्नावर आहे. पापाने देवाचा मान हिरावला जातो, हे त्याचं म्हणणं. कोकणात गावऱ्हाटीतला, म्हणजे गावाच्या देवस्थानाच्या रीतीतला, मान काय चीज आहे हे ज्याला माहितीये त्याला अन्सेल्म समजायला वेळ लागणार नाही, मानकऱ्याचा मान डावलला आणि मग नुसता परत दिला तर भागत नाही, झालेल्या अपमानाचीही भरपाई लागते. देवाच्या बाबतीत ती भरपाई द्यायची माणसाने, पण देण्याची ऐपत फक्त देवाची, म्हणून देव असलेला माणूसच हवा. युक्तिवाद घट्ट आहे, पण जन्मापेक्षा मरणावर सगळा भार पडतो तो इथूनच. पुढे सोळाव्या शतकात कॅल्विन वगैरे सुधारकांनी मानाच्या जागी शिक्षा आणली, आपली शिक्षा त्याने भोगली, आणि प्रोटेस्टंट उपदेशात आजही बहुतेकदा हेच ऐकू येतं. अन्सेल्मनंतर थोड्याच काळाने फ्रेंच पंडित अबेलार्डने मात्र भर दिला तो प्रेमावर, की देवाने एवढं प्रेम दाखवलं की माणसाचं मन उलट प्रेमाने पेटावं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात 1861 ला जन्मलेले आणि 1895 ला बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ताला माउली म्हणतात तेव्हा ते याच बाजूला झुकलेले वाटतात.

मग एक प्रश्न, जो ऐकायला पोकळ वाटतो पण नाहीये : आदामाने पाप केलंच नसतं तर देव माणूस झाला असता का? तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस म्हणतो, बायबल सगळीकडे पापाचंच कारण देतं, त्यामुळे बहुधा नाही. फ्रान्सिस्कन, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या संघातला, डन्स स्कोटस, वारला 1308 ला, म्हणतो नक्की झाला असता, कारण देवाचं सगळ्यात मोठं काम माणसाच्या चुकीवर अवलंबून असणं पटत नाही, ख्रिस्त हा आधीपासूनच सृष्टीच्या बेतातला पहिला. चर्चने यातलं कुठलंच मत सक्तीचं केलेलं नाही. गंमत म्हणजे नाताळच्या गोठ्याची परंपराही फ्रान्सिस्कनच, असिसीच्या फ्रान्सिसने 1223 मध्ये ग्रेच्चो गावात गवत, बैल, गाढव आणून बेथलेहेम उभं केलं, बाळाचे हाल डोळ्यांनी दिसावेत म्हणून. वसईत पोर्तुगीज अमलात, म्हणजे 1534 ते 1739, फ्रान्सिस्कन होतेच, किल्ल्यात त्यांच्या चर्चचे अवशेष अजून उभे आहेत, आणि वसईचेच संत गोन्सालो गार्सिया, 1597 ला नागासाकीत क्रूसावर मारले गेले ते, फ्रान्सिस्कन ब्रदर होते. आता कोकणात घरोघरी पेंढ्याचा गोठा करतात त्यात विहीर येते, माडाची झावळी येते, एखाद्याच्या गोठ्यात होडी पण दिसते. देव आपल्या जागी आला, हा हेतू त्या गोठ्यात जितका स्पष्ट दिसतो तितका प्रवचनात क्वचितच दिसतो.

मराठीत या विषयावरचं सगळ्यात मोठं काम याच किनाऱ्यावर झालं. इंग्लंडात जन्मलेले, जेझुइट या धर्मसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स 1579 ला गोव्यात आले, आणि तिथल्याच सासष्टीत राहून त्यांनी जवळपास अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं, 1616 ला गोव्यातल्याच रायतूरला रोमन लिपीत छापलं. मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थच "आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयी" असा होतो. सुरुवातीला चर्चमध्ये धर्मशिक्षण चाललंय आणि एक नवख्रिस्ती विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यासारखं दुसरं काहीतरी द्या ना. त्या काळातली जोरजबरदस्ती त्या एका प्रश्नातून कळते, ती लपवू नये. उत्तरादाखल स्टीफन्स थेट ख्रिस्तजन्मापासून सुरू करत नाहीत, पहिलं पुराण सगळं सृष्टी, आदाम, पतन, संदेष्टे, तारणाऱ्याची वाट बघणं यात जातं, आणि मग दुसऱ्यात तो येतो. कशासाठी आला हे कळायला आधी काय बिघडलं ते कळायला हवं, ही त्यांची मांडणी आहे.

शेजारचे हिंदू मित्र हमखास विचारतात की आमच्यातही देव अवतार घेतोच, मग फरक काय. प्रश्न प्रामाणिक आहे, उत्तरही तसंच द्यावं. गीतेत सज्जनांचं रक्षण, दुष्टांचा नाश आणि धर्माची स्थापना यासाठी युगायुगात येणं आहे. ख्रिस्ती श्रद्धेत येणं एकदाच, ऑगस्टस कैसराच्या काळात, आणि तेही पाप्यांना बोलवायला, वैद्याची गरज निरोग्यांना नसते असं तो स्वतःच म्हणतो. दुसरं म्हणजे घेतलेला देह त्याने परत कधी टाकला नाही, पुनरुत्थानानंतरही हातांवर खिळ्यांच्या खुणा आहेत आणि त्याच देहाने तो स्वर्गात गेला अशी श्रद्धा आहे. योहानाच्या शेवटच्या अध्यायात तो पहाटे तळ्याकाठी उभा राहून विचारतो, पोरांनो, काही मासळी मिळाली का, आणि रात्रभर जाळी टाकून काहीच न मिळालेले शिष्य त्याच्या सांगण्यावरून पुन्हा जाळं टाकतात आणि भरलेलं जाळं ओढत किनाऱ्याला लागतात तेव्हा निखाऱ्यावर मासळी आणि भाकर तयार असते. उत्तन किंवा पाचूबंदरच्या ख्रिस्ती कोळ्यांना हा उतारा समजावून सांगावा लागत नाही. मरण जिंकून झालंय, पापांचं काम पुरं झालंय, तरी तो देहातच आहे आणि न्याहारी करतोय.

1992 च्या कॅथलिक कॅटेकिझमने, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकाने, चार हेतू शेजारी शेजारी ठेवलेत, देवाशी समेट, देवाच्या प्रेमाची ओळख, पवित्र जगण्याचा नमुना आणि देवस्वभावात वाटा. एकाने दुसरा खोडला जात नाही.

देहधारणाचा खरा सण तसं बघायला गेलं तर नाताळ नाहीच, 25 मार्च आहे, गब्रिएल दूताने मरियेला निरोप दिला तो दिवस, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी, कारण देह धरला तो उदरात. हा दिवस उपवासकाळात येतो त्यामुळे ना रोषणाई ना फराळ, चर्चमध्येही मोजकीच माणसं असतात, ही मला मोठी उणीव वाटते. आणि तो पवित्र आठवड्यात आला तर पुढे ढकलतात, 2024 ला तसा 8 एप्रिलला झाला.