माकडाचं राहू द्या, बोंडअळी पाहिली का?

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत अखिल भारतीय वैदिक संमेलन भरलं होतं. त्यासाठी आलेले केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे सांगितलेलं नाही की लिहिलेलं नाही, तेव्हा शाळा-कॉलेजच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन-तीन दिवसांतच देशातल्या तिन्ही प्रमुख विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून या विधानाला शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं. सिंह यांच्याच खात्याच्या कॅबिनेट मंत्र्यांनीही त्यांना आवरलं. वाद वर्तमानपत्रांत रंगला आणि विरला.

मला मात्र त्या दिवसांत शहराबाहेर जे चाललं होतं ते जास्त बोलकं वाटतं. ‘कुणी पाहिलंय का?’ हा प्रश्न ज्या हंगामात विचारला गेला, त्याच हंगामात जालना, बीड, परभणीच्या शिवारात शेतकरी उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, नांगर घालत होते. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने कापूस खाऊन टाकला होता. बोंड वरून ठणठणीत दिसायचं, फोडलं की आत अळी आणि किडकी सरकी. वेचणीला हाती यायची ती कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. उत्क्रांती डोळ्यांनी पाहायचीच असेल तर मराठवाड्यातल्या माणसाला डार्विनसारखं गॅलापागोस बेटांवर जायची गरज नव्हती. बांधावर उभं राहिलं तरी पुरे होतं.

आधी ही अळी कशी मरत होती ते पाहू. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीत राहणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस (म्हणजेच बीटी) नावाच्या जीवाणूचं एक जनुक कापसात घातलं होतं. त्यामुळे झाड स्वतःच क्राय१एसी नावाचं प्रथिन तयार करायचं. अळीने पान किंवा बोंड खाल्लं की हे प्रथिन तिच्या आतड्याच्या पेशींवरच्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, आतड्याला भोकं पडतात आणि अळी मरते. माणसाच्या आतड्यात त्याला चिकटायला तशी जागाच नाही, म्हणून आपल्याला काही होत नाही. सुरुवातीची वर्षं फवारणीचा खर्च खरोखर घटला. २००६ मध्ये क्राय२एबी हे दुसरं प्रथिन जोडून ‘बोलगार्ड-२’ आलं.

मग गुजरातेतून बातमी आली. तिथल्या काही जिल्ह्यांतली गुलाबी अळी क्राय१एसी पचवते आहे, हे २०१० मध्ये बियाणं कंपनीनेही मान्य केलं. पुढच्या चार-पाच वर्षांत दुसऱ्या प्रथिनाचीही तीच गत झाली, आणि २०१७ मध्ये मराठवाड्यात व विदर्भात त्याचं बिल आलं.

‘अळीला बीटीची सवय झाली’ हे वाक्य कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर कुणीही सहज बोलून जातं. पण सवय कुणालाच झाली नव्हती. ज्या अळीला बीटी झेपत नव्हतं ती बोंड कुरतडताच मेली, तिला शिकायला वेळच नव्हता. बीटी येण्याच्या आधीपासून लाखो अळ्यांमध्ये कुठेतरी एखादी अशी होती जिचं कॅडहेरिनचं जनुक मोडलेलं होतं. नक्कल करताना चूक होते, तशी ती चूक होती. बीटी नसलेल्या शेतात त्या चुकीचा फायदा शून्य. बीटीच्या शेतात मात्र प्रथिनाला चिकटायला जागा मिळेना, म्हणून तीच जगली, तिचाच पतंग झाला, त्याचीच अंडी पुढच्या फुलांवर पडली. एका अळीच्या आयुष्यात काहीच बदललं नाही. बदललं ते पुढच्या पिढीत कोण किती आहेत याचं प्रमाण. डार्विनने सांगितलेली नैसर्गिक निवड ती हीच. शेतकऱ्याला यात नवं काही नाही. चांगल्या झाडाची सरकी ठेवायची आणि बाकीची ढेपेला घालायची, ही निवड तो पिढ्यानपिढ्या करत आला. फरक एवढाच की बोंडअळीच्या बाबतीत निवडणारा कुणी नव्हता, निवडलं ते विषाने.

इथे निर्मितीवादी, म्हणजे सगळे जीव देवाने जसेच्या तसे घडवले असं मानणारा माणूस एक चांगला प्रश्न विचारतो. डोळ्यासारखी, आतड्यासारखी गुंतागुंतीची रचना आपोआप कशी होईल, कुणीतरी आखलीच असणार. १८०२ मध्ये विल्यम पेली या इंग्लिश धर्मोपदेशकाने रानात सापडलेल्या घड्याळाचा दाखला देऊन हाच मुद्दा मांडला होता. तो मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही, स्वतः डार्विन तरुणपणी त्याने भारावला होता. पण भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या गुलाबी अळ्यांची जनुकं तपासली तेव्हा काय दिसलं? कॅडहेरिनचं जनुक एकाच ठिकाणी, एकाच सुबक पद्धतीने बदललेलं नव्हतं. कुठे मधला तुकडा गळालेला, कुठे भलतंच काही घुसलेलं, प्रत्येक अळीकुळात वेगळ्या जागी मोडतोड. दुसऱ्या प्रथिनाला दाद न देणाऱ्या अळ्यांत तर भलतंच जनुक बिघडलेलं होतं, एबीसीए२ नावाचं. आखून केलेलं काम असं नसतं. गोठ्याचं छप्पर गळायला लागल्यावर कुणी पत्रा टाकतं, कुणी ताडपत्री, कुणी खताची रिकामी पोती, त्यातला हा प्रकार. गळणं थांबलं म्हणजे झालं.

मोडलेली जनुकं आपल्यातही आहेत, आणि माझ्या मते मंत्र्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. गोठ्यातली म्हैस, शेळी, दारातलं कुत्रं स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करतात. आपल्याला मात्र त्यासाठी आवळा, पेरू, लिंबू खावं लागतं, कारण ते तयार करण्याच्या साखळीतलं शेवटचं जनुक आपल्यात मोडकं आहे. नाहीसं झालेलं नाही, जागेवरच आहे, फक्त वाचता येत नाही. चिंपांझीत आणि माकडांत तेच जनुक मोडकं आहे, आणि बरेचसे तुकडे अगदी त्याच ठिकाणी गळालेले आहेत. गिनी पिगमध्येही ते मोडलंय, पण वेगळ्या तऱ्हेने. दोन विद्यार्थ्यांची बरोबर उत्तरं जुळली तर मास्तर काही म्हणत नाहीत. चुकाही ओळीने जुळल्या तर कॉपी कुठून झाली ते बघतात. शिवाय चिंपांझीची गुणसूत्रं ४८ आणि आपली ४६. आपलं क्रमांक दोनचं गुणसूत्र म्हणजे जुन्या दोन गुणसूत्रांचा सांधा आहे. गुणसूत्राच्या टोकाला जे विशिष्ट लेखन असतं ते या एकाच्या मधोमध सापडतं.

माकडाचा माणूस झाला असं उत्क्रांतिशास्त्र म्हणतच नाही, हेही सांगून टाकतो. आजचं माकड हे आपलं आजोबापण मिरवणारं कुणी नाही, ते चुलतघराण्यातलं आहे. चिंपांझीचं घर आणि आपलं घर साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळं झालं. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तरी तेव्हापासून अडीच लाखांच्या आसपास पिढ्या उलटल्या. बोंडअळीला गुजरातेत बीटी पचवायला फार तर तीस-चाळीस पिढ्या लागल्या.

‘पण अळी शेवटी अळीच राहिली ना, तिचा बैल कुठे झाला?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. तीस-चाळीस पिढ्यांत तो होणारही नव्हता. मोठ्या बदलाला जो काळ लागतो तो मराठवाड्यात पायाखालीच पसरलाय. वेरूळची लेणी ज्या काळ्या दगडात कोरली तो बेसॉल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहत आला. बालाघाटच्या डोंगरांचे सपाट माथे आणि पायऱ्यांसारखे उतार म्हणजे एकावर एक साचलेले लाव्ह्याचे थर. कापूस ज्या काळ्या रानात येतो ते रान म्हणजे त्याच दगडाची झिजून झालेली माती. तो लाव्हा वाहत होता तेव्हा माणूस तर सोडाच, वानरही पृथ्वीवर नव्हतं. त्यानंतर कितीतरी उशिरा मांजरेच्या खोऱ्यात रानटी हत्ती फिरत होते. लातूर जिल्ह्यात हरवाडीसारख्या गावांजवळ नदीच्या गाळात त्यांचे अवशेष मिळाले आहेत. आज तिथे हत्ती म्हणजे गावात आला तर लेकरं मागे धावतात, असा प्रकार.

आपल्याकडचा वाद अमेरिकेतल्या वादासारखा नाही, हे मात्र मान्य करायला हवं. तिथल्या कट्टर मंडळींना पृथ्वी काही हजार वर्षांची हवी असते. आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलवरून हिशोब मांडून निर्मितीचं साल इसवी सन पूर्व ४००४ काढलं होतं. आपल्या पुराणांना एवढा कंजूसपणा माहीत नाही. ब्रह्मदेवाचा एक दिवसच ४३२ कोटी वर्षांचा, आणि विज्ञान पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी सांगतं. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचं तर विचारूच नका. २०११ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने जीवजातींचा अंदाज ८७ लाख असा काढला, आणि तेव्हापासून ‘बघा, आपल्या पूर्वजांना आधीच माहीत होतं’ हा संदेश मोबाइलवर फिरतोय. त्या ८७ लाखांत जीवाणू धरलेलेच नाहीत, हे तो पाठवणारा सांगत नाही. त्यामुळे इथे डार्विनला ‘खोटा’ म्हणणारे थोडे आणि ‘उशिरा आलेला’ म्हणणारे फार.

या दुसऱ्या मंडळींचं आवडतं प्रमाण म्हणजे दशावतार. आधी मासा, मग कासव, मग वराह, मग अर्धा सिंह अर्धा माणूस, मग बुटका वामन. जे. बी. एस. हॉल्डेन यांच्यासारख्या मोठ्या जीवशास्त्रज्ञालाही, जे १९५७ मध्ये भारतात येऊन इथलेच झाले, या क्रमात गंमत वाटली होती. वेरूळच्या पंधराव्या लेण्याला दशावतार लेणंच म्हणतात. तिथला हिरण्यकशिपूवर झेपावणारा नरसिंह पाहिला की दगडात एवढा वेग कसा आला याचं नवल वाटतं. पण तो नरसिंह भक्ताला वाचवायला आलाय. वराह आणि वामन यांच्यामधली जीवशास्त्रीय पायरी म्हणून तो कोरलेला नाही. कासवापासून डुक्कर झालं नाही आणि सिंहापासून माणूसही नाही. दशावतारांची ही सांगड प्रसिद्ध केली ती ब्लाव्हाट्स्कीबाईंनी, १८७७ मध्ये. सगळ्या धर्मांमागे एकच गूढ ज्ञान आहे असं मानणाऱ्या थिऑसॉफी पंथाच्या त्या. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. उत्तर आधी हातात आलं, मग ते पुराणात सापडलं. मला यात पुराणाचाच अपमान दिसतो. हजार वर्षं लोकांनी ज्या कथेवर जीव लावला, तिला एकदम विज्ञानाच्या पुस्तकाची कच्ची आवृत्ती करून टाकायचं!

देव आहे की नाही हे बोंडअळी सांगत नाही. पहिला सजीव नेमका कसा झाला याचंही पूर्ण उत्तर आज कुणाकडे नाही. उत्क्रांतीशिवाय जीवशास्त्रातल्या कशाचाच अर्थ लागत नाही, असं १९७३ मध्ये लिहिणारे थिओडोसियस डोब्झान्स्की स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त तर शेवटी म्हणतं की हे कुठून झालं ते वर बसून पाहणाऱ्यालाच ठाऊक असेल, किंवा कदाचित त्यालाही नसेल. आषाढीला पंढरपूरला पायी जाणारा आणि परतल्यावर शेतात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, लावणारा माणूस या दोन गोष्टींत कुठे भांडण असतं हे विचारतही नाही. भांडण सुरू होतं ते ‘देवाने केलं’ हे उत्तर ‘कसं झालं’ या प्रश्नाच्या जागी बसवलं की. कारण त्या उत्तरावरून बीटी कापसाभोवती बीटी नसलेल्या साध्या कापसाच्या किती ओळी लावायच्या हे काढता येत नाही.

त्या ओळींचा हिशोब उत्क्रांतीच्या गणितातून आलेला होता. प्रत्येक अळीत एका जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. समजा बीटी पचवणारी जनुकाची प्रत हजारात एक आहे. दोन्ही प्रती तशाच असलेली अळी मग दहा लाखांत एक निघेल, आणि बीटीच्या शेतात तीच जगेल. तिच्या पतंगाला जोडीदार म्हणून दुसरा तसलाच पतंग मिळाला तर संपलं. पण शेजारी साधा कापूस असेल तर तिथून साधे पतंग भरपूर निघतात, जोडी त्यांच्याशी जमते, पिल्लांत एकच मोडकी प्रत उरते आणि ती पिल्लं बीटीवर मरतात. म्हणून ४५० ग्रॅमच्या बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं वेगळं पाकीट मिळायचं. चहूबाजूंनी पाच ओळी, किंवा वीस टक्के क्षेत्र. आपल्याकडे ते पाकीट बहुतेकांनी बांधावर टाकलं. दोन-तीन एकर कोरडवाहू असलेल्या माणसाला ‘अळ्यांसाठी पाच ओळी सोड’ म्हणायचं आणि का ते सांगायचं नाही, तर तो दुसरं काय करणार? त्यात आपली संकरित वाणं लांब मुदतीची. पाणी असलं की फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही राखलेलं कापसाचं पीक, मार्चपर्यंत उभी, म्हणजे अळीला खंडच नाही.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात हीच अळी, हाच बीटी. तिथे साध्या कापसाचा नियम पाळला गेला आणि अळी प्रतिकारक झाली नाही. पुढे २००६ पासून वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कापसातून गुलाबी बोंडअळी नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. औरंगाबादच्या त्या भाषणाचंच वर्ष.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला आणि ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचं नाव नुसतं ‘आनुवंशिकता’ झालं. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये मात्र पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. परभणीच्या पोरानं तो नुसता गुणांसाठी पाठ करू नये, डिसेंबरात घरच्या रानातलं एक बोंड फोडून मग वाचावा.

नॉन-बीटीचं वेगळं पाकीट आता बंद झालंय. ते बी बीटीच्या बॅगेतच पाच ते दहा टक्के मिसळलेलं असतं, म्हणजे टाकून द्यायची सोयच ठेवलेली नाही. गुलाबी अळीसाठी ही सोय उशिराची आहे, कारण तिने दोन्ही प्रथिनं केव्हाच पचवली. तिच्यासाठी फरदड न घेणं, वेळेत सापळे लावणं आणि सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले की मगच फवारा उचलणं, एवढंच हातात आहे. हिरवी बोंडअळी, जिला आपण अमेरिकन म्हणतो, ती मात्र बोलगार्ड-२ वर अजून बहुतांशी मरते. बॅगेतलं ते मिसळीचं बी खरं तर तिच्यासाठी आहे.