टार्पनच्या सुट्टीमागची गोष्ट

कॅरिबियन समुद्राकाठच्या रिसॉर्टमध्ये शनिवार ते शनिवार मुक्काम, पहाटे निघणारी छोटी बोट, तिच्यावर दोन पाहुणे आणि एक गाइड. दिवसभर माग काढायचा तो एकाच माशाचा, टार्पनचा. हाती लागलाच तर सोडून द्यायचा. आज रुळलेली ही सुट्टी घडायला शंभराहून अधिक वर्षं लागली, आणि तिची सुरुवात सोडून देण्यापासून मुळीच झाली नव्हती.

आधी माशाबद्दल थोडं. अटलांटिक टार्पन शंभर पौंडांच्या पुढे सहज जातो. चांदीसारखे चकचकीत खवले तळहाताएवढे, तोंड आतून हाडासारखं कठीण. कल्ल्यांखेरीज तो पोटातल्या हवेच्या पिशवीनेही श्वास घेतो. त्यासाठी पृष्ठभागावर येऊन, पाठ वळवून हवेचा घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. तो कुठे आहे हे माणसाला कळतं ते याच सवयीमुळे. मांसात काटे फार, त्यामुळे फ्लोरिडात त्याला खाण्यासाठी कुणी विचारत नाही. त्याच्यामागे लागलेली माणसं पहिल्यापासून त्याच्या झुंजीसाठीच लागली.

एकोणिसाव्या शतकात टार्पन भाल्याने मारत. एवढा मासा रॉड आणि रीलवर, म्हणजे गळाच्या काठीने आणि दोर गुंडाळणाऱ्या चक्रीने, येणं शक्य नाही, असंच बहुतेकांचं मत होतं. मार्च 1885 मध्ये न्यूयॉर्कच्या डब्ल्यू. एच. वूड यांनी फ्लोरिडाच्या पुंता रासाजवळ 93 पौंडांचा टार्पन रॉडवर काढला. त्याआधीचेही दावे आहेत, पण गाजला तो वूड यांचा मासा. बातमी क्रीडा साप्ताहिकांतून पसरली आणि श्रीमंत शौकीन दक्षिणेकडे धावले. टेक्सासच्या किनाऱ्यावर 1886 मध्ये ‘टार्पन इन’ हे हॉटेल उभं राहिलं. फ्लोरिडातलं युसेप्पा बेट 1911 मध्ये बॅरन कॉलियर यांनी विकत घेतलं आणि तिथे हौशी मच्छीमारांचा क्लब वसला. किनाऱ्यावरचं हॉटेल, भाड्याची बोट आणि जागा दाखवणारा स्थानिक माणूस, हा सांगाडा तेव्हाच तयार झाला.

टार्पन इनच्या भिंतींवर आजही हजारो खवले लावलेले आहेत. प्रत्येकावर धरणाऱ्याची सही आणि तारीख. त्यात 1937 मध्ये तिथे आलेल्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचाही खवला आहे. खवले राहिले, पण पुढच्या दोन-तीन दशकांत त्या किनाऱ्यावरचे टार्पन झपाट्याने कमी झाले. बेसुमार मासेमारी आणि धरणांमुळे खाडीत येणारं घटलेलं गोडं पाणी, ही कारणं त्यासाठी सांगितली जातात.

फ्लाय फिशिंगचं पर्व खऱ्या अर्थाने दुसऱ्या महायुद्धानंतरचं. फायबरग्लासचे रॉड आणि नायलॉनचा दोर आल्यावर ‘फ्लाय’ म्हणजे पिसांच्या बनावट भक्ष्याने एवढ्या मोठ्या माशाला झुंजवणं आवाक्यात आलं. त्याचं केंद्र होतं फ्लोरिडा कीज बेटांमधलं इस्लामोराडा. जिमी अल्ब्राइट, स्टू ॲप्ट यांच्यासारखे गाइड तिथे घडले आणि बेसबॉलपटू टेड विल्यम्स यांच्यासारखे नामवंतही तिथे रमले. 1970 च्या दशकात बिल कर्टिस यांनी बोटीच्या मागच्या टोकाला, इंजिनच्या वर, गाइडला उभं राहण्यासाठी उंच मचाण बसवलं. बदल साधा, पण माझ्या मते या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा. उंचावरून पाण्यात खोलवर दिसतं, आणि लांब काठीने तळाला रेटत बोट आवाज न करता पुढे नेता येते.

तिथून पुढे गाइड हाच या खेळाचा खरा कर्ता झाला. बोटीचं नाक म्हणजे घड्याळातले बारा. ‘अकरा वाजता, साठ फूट, डावीकडून येतायत,’ एवढंच तो म्हणतो आणि पाहुण्याला काही सेकंदांत फ्लाय तिथे टाकायची असते. मासा फ्लाय घेतो तेव्हा रॉड वर उचलायचा नाही. हाताने दोर सरळ मागे खेचायचा, नाहीतर त्या कठीण तोंडात गळ रुततच नाही. टार्पनने हवेत उडी घेतली की उलट रॉड त्याच्याकडे झुकवून दोर सैल करायचा, नाहीतर दोर तुटतो किंवा गळ निसटतो.

विक्रमांचं वेडही याच काळातलं. फ्लोरिडाच्या होमोसासा भागात 1982 मध्ये बिली पेट यांनी 188 पौंडांचा, तर 2001 मध्ये जिम हॉलंड ज्युनियर यांनी 202 पौंडांहून अधिक वजनाचा टार्पन फ्लायवर धरला. असा मासा विक्रमासाठी किनाऱ्यावर आणून तोलावा लागे, म्हणजे तो मरे. फ्लोरिडाने 1989 मध्ये टार्पन ठेवायचा असेल तर 50 डॉलरचा परवाना सक्तीचा केला. 2013 पासून तो सोडणंच बंधनकारक आहे. परवाना मिळतो तो फक्त विक्रमासाठी. चाळीस इंचांहून लांब टार्पन तर पाण्याबाहेर उचलायलाही मनाई आहे. मध्य अमेरिकेतल्या बेलीझने 2009 मध्ये टार्पनसह तीन प्रजाती सोडून देण्याचा कायदा केला.

दरम्यान विमानांनी ही सुट्टी दक्षिणेला नेली होती: बेलीझचे उथळ पट्टे, मेक्सिकोची असेन्शन बे, कोस्टा रिकातल्या कोलोराडो नदीचं गढूळ मुख, क्युबाची खारदिनेस दे ला रेना बेटं. अनेक ठिकाणी शेवंड (लॉबस्टर) धरणारे कोळीच गाइड झाले. पाणी त्यांना वडिलांपासून ठाऊक होतं, आणि सोडलेला मासा पुढच्या हंगामातही रोजगार देतो हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मला काळजी वाटते ती खारफुटीची. टार्पनची पिल्लं खारफुटीतल्या साचलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात वाढतात. हवा गिळता येते म्हणून ती तिथे तगतात, आणि त्यांना खाणारे बरेच मासे तिथे टिकत नाहीत. टार्पनला वयात यायला दहाएक वर्षं लागतात आणि तो पन्नास वर्षांहून अधिक जगतो, त्यामुळे आज तोडलेल्या खारफुटीचा फटका मोठ्या माशांत दिसायला खूप उशीर होतो. वाळूचा मोकळा किनारा हवा म्हणून रिसॉर्टवाले हीच झाडं काढतात. बेलीझमध्ये अशा बांधकामांविरुद्ध सर्वांत आधी आवाज उठवणाऱ्यांत गाइडच होते.